बहात्तर टाइल्स आणि एक फुली

पटावर एक घर रिकामं राहिलंय. वरून नगराची भिंत येऊन टेकली आहे, खालून रस्ता आलाय, डावीउजवीकडे शेतं. वरच्या नगरात माझा सरदार, म्हणजे खेळातलं माझं लाकडी माणूस, अडकला आहे आणि हे एक घर भरलं की नगर पूर्ण होऊन तो मोकळा होणार आहे. मी आशेने एकेक टाइल उचलतोय. समोर बसलेला मित्र गालातल्या गालात हसतोय. त्याला ठाऊक आहे की असल्या चार बाजूंची टाइल कार्कासोन या खेळात छापलेलीच नाही. मला ते डाव संपल्यावर कळतं.

हाच डाव आम्ही टॅबवर खेळलो तेव्हा त्या रिकाम्या घरावर एक फुली उमटली. इथे आता काही बसणार नाही. मित्राचं हसू तिथेच मावळलं आणि मी सरदाराचा नाद सोडून दुसरीकडे वळलो.

पटावरचे खेळ फोनवर आणि टॅबवर आणताना काय काय करावं लागतं, याची चर्चा चित्रं, आवाज, ॲनिमेशन अशा गोष्टींभोवतीच फिरते. मला मात्र ही फुली महत्त्वाची वाटते. म्हणून हे प्रकरण एका खेळाचं आणि त्याच्या एका ॲपचं: कार्कासोन, २०१० ते २०१९.

मूळ खेळ क्लाउस-युर्गेन व्रेडे यांचा. हान्स इम ग्ल्यूक या जर्मन प्रकाशनाने तो २००० साली काढला आणि २००१ चा ‘श्पील देस यारेस’, म्हणजे जर्मनीतला वर्षातल्या उत्तम खेळाचा पुरस्कार, त्याला मिळाला. खेळ दिसायला अगदी साधा. ७२ चौकोनी टाइल्स. त्यातली एक आधीच मांडलेली. आपल्या पाळीला एक उचलायची, पटावरच्या टाइल्सना बाजू जुळवून लावायची (नगराला नगर, रस्त्याला रस्ता, शेताला शेत) आणि वाटलं तर तिच्यावर आपलं एक लाकडी माणूस उभं करायचं. नगरात तो सरदार, रस्त्यावर वाटमाऱ्या, मठात साधू, शेतात आडवा निजलेला शेतकरी. या माणसांना जगभर ‘मीपल’ म्हणतात. ‘माय’ आणि ‘पीपल’ यांचा हा संधी कोणा खेळणाऱ्याच्याच तोंडून २००० मध्ये झाला आणि याच खेळामुळे रुळला. प्रत्येकाकडे खेळायला सात माणसं. रस्ता, नगर किंवा मठ पूर्ण झाला तर माणूस परत मिळतो, नाही झाला तर शेवटपर्यंत अडकतो. शेतकरी तर कधीच परत येत नाही. सात माणसांत ७१ टाइल्सचा डाव काढायचा असल्याने एक माणूस अडकणं महागात पडतं, आणि समोरच्याचा माणूस अडकवणं ही या खेळातली खरी खोडी.

ॲप केलं ‘द कोडिंग मंकीज’ या म्युनिकच्या छोट्या चमूने. मॅकवर अनेकांनी एकाच वेळी एकच मजकूर लिहिण्याचं ‘सबएथाएडिट’ हे साधन त्यांचंच. एका गोष्टीवर अनेकांचे हात चालवायचे कसे, याचा विचार त्यांनी खेळाआधीच केलेला होता. कार्कासोन २०१० च्या जूनमध्ये आयफोनवर आलं आणि पुढे आयपॅडवरही.

पहिली अडचण अंगठ्याची होती. खऱ्या टाइलची बाजू साधारण साडेचार सेंटिमीटर. पट कुठेही, कसाही वाढतो. त्याला ठरलेली चौकट नाही. त्या वेळच्या आयफोनचा पडदा साडेतीन इंची, म्हणजे लांबी जेमतेम साडेसात सेंटिमीटर. पट आडवा बारा टाइल्स पसरला आणि तो सगळा एकदम बघायचा म्हटलं तर एक टाइल सहा मिलिमीटरची होते. बोटाचं टोक त्याहून मोठं! पहिल्या आयपॅडचा पडदा सुमारे वीस सेंटिमीटर लांब. तिथे तीच टाइल सोळा-सतरा मिलिमीटरची होते. हे गणित मांडलं की एकच ॲप फोनवर कोंडल्यासारखं आणि टॅबवर मोकळं का वाटतं ते कळतं. फोनवर पट सरकवत, लहानमोठा करत खेळावं लागतं, आणि पट सरकवला की डोळ्याआड गेलेला कोपरा मनातूनही जातो. टेबलाशी बसून नुसती मान वर केली की सगळं दिसायचं. म्हणजे फोनवर खेळणाऱ्याला मदतीची जास्त गरज असते. फुलीचं एक कारण इथे आहे.

दुसरी गोष्ट मात्र खेळाच्या पथ्यावर पडली. कार्कासोनमध्ये लपवण्यासारखं काही नाही. हातात पत्ते नाहीत, उचललेली टाइल सगळ्यांना दिसते. त्यामुळे एकच टॅब मध्ये ठेवून आळीपाळीने खेळता येतं. हातातले पत्ते लपवायचे असतात अशा खेळात हे जमत नाही. ‘आता टॅब पुढच्याच्या हातात द्या, बाकीच्यांनी बघू नका’ अशी पाटी दर चालीला दाखवावी लागते आणि दोन फेऱ्यांत कंटाळा येतो. कोणता खेळ पडद्यावर चांगला उतरेल याचा अंदाज बांधायचा असेल तर आधी विचारावं: यात गुपित किती आहे?

आता फुलीकडे.

टाइलला चार बाजू, प्रत्येक बाजू नगर, रस्ता किंवा शेत. टाइल फिरवता येत असल्याने फिरवून सारख्या दिसणाऱ्या जुळण्या एकच धरल्या, तर एकूण २४ जुळण्या संभवतात. मूळ डब्यातल्या ७२ टाइल्स कागदावर मांडून पाहिल्या तर त्यांत १७ जुळण्या आढळतात. उरलेल्या सात नाहीत. समोरासमोर नगर आणि रस्ता, बाकी दोन बाजूंना शेत: नाही. समोरासमोर दोन नगरं आणि समोरासमोर दोन रस्ते: नाही. एका बाजूला नगर, शेजारच्या बाजूला रस्ता आणि बाकी शेत: तीही नाही, ना डावी ना उजवी. चारी बाजूंनी वेढलेलं घर या सातांपैकी एखाद्या जुळणीचं झालं, की ते कायमचं मेलं.

हे झालं जन्मतःच मेलेल्या घरांचं. काही घरं डावाच्या ओघात मरतात. चारी बाजूंनी रस्ते आलेल्या घरात बसणारी टाइल अख्ख्या डब्यात एकच आहे. चारी बाजूंनी नगर असलेलीही एकच. तीन रस्ते आणि एक नगर अशा तीन. ती एकुलती एक चौफुली आधीच लागून गेली असेल, तर चार रस्त्यांचं घर त्या क्षणी मेलं. अजून लागली नसेल तर गणित गमतीचं होतं. सगळ्या टाइल्स शेवटी उचलल्या जातातच, म्हणजे चौफुली येणार हे नक्की. प्रश्न इतकाच की कोणाच्या हाती. दोघांच्या डावात वीस टाइल्स उरल्या असतील तर दहा मी उचलणार, दहा समोरचा. मला चौफुली मिळण्याची शक्यता बरोबर निम्मी. समोरच्याला मिळाली तर तो ती तिथे कशाला लावेल? दुसरीकडे कुठेतरी टाकून मोकळा होईल. त्यामुळे ‘अजून फुली पडलेली नाही’ याचा अर्थ ‘घर जिवंत आहे’ इतकाच; ‘मला मिळेल’ असा नाही. ॲपमधल्या नवख्यांची हीच गफलत होते. फुली नाही म्हणून ते निर्धास्त राहतात.

आमचा मित्र हे सगळं डोक्यात ठेवून खेळायचा. त्याच्या मते फुली म्हणजे रडीचा डाव. ‘मी पंधरा डाव हरून जे शिकलो ते याला यंत्र फुकटात सांगतंय,’ ही त्याची तक्रार. त्यात तथ्य नाही असं नाही. पण नीट पाहिलं तर फुली कोणतंही गुपित फोडत नाही. लागलेल्या टाइल्स सगळ्यांसमोर पसरलेल्या असतात. डब्यात कोणत्या टाइल्स किती आहेत याचा तक्ता नियमपुस्तिकेत छापलेला असतो. म्हणजे माहिती उघडीच होती. ती मिळवायचे कष्ट होते. ॲपने कष्ट काढून घेतले. प्रश्न असा की ते कष्ट म्हणजे खेळ होता का?

मला बराच काळ वाटायचं की नव्हता. मोजदाद हे कारकुनी काम. यंत्राने ते करावं आणि माणसाने चाल विचारावी. मग एकदा उलट बाजूने पाहिलं. टेबलावर मी मित्राचा माणूस अडकवायला टाइल लावतो तेव्हा दोन गोष्टी घडतात: घर मरतं, आणि ते मेलंय हे त्याला कळत नाही. दुसरीमुळे तो पुढच्या चार चाली त्या घराच्या आशेवर वाया घालवतो. फुलीने पहिली गोष्ट तशीच ठेवली, दुसरी पुसून टाकली. अडकवण्याचा फायदा निम्मा झाला म्हणा ना. म्हणजे नियमातला एक शब्दही न बदलता डावातल्या चालींचं मोल बदललं. टेबलावर थोडा कावेबाज वाटणारा खेळ ॲपमध्ये जास्त सरळ, जास्त आकडेमोडीचा झाला.

तरीही ॲप करणाऱ्यांच्या जागी मी असतो तर फुली ठेवलीच असती. त्यांच्यापुढे दोन अडचणी होत्या ज्या टेबलाला नाहीत. एक म्हणजे संगणक खेळाडू. यंत्र समोर बसलं की उरलेल्या टाइल्स त्याला तोंडपाठ असणारच. त्याला विसरायला लावणं हे मुद्दाम करावं लागतं. मग समोरच्या माणसाला तीच माहिती न देणं हा अन्याय. ॲपमध्ये उरलेल्या टाइल्सची यादीही बघता यायची, ती याच न्यायाने.

दुसरी अडचण वेळेची, आणि ती मोठी आहे. टेबलावर दोघांचा डाव अर्ध्यापाऊण तासात आटोपतो. ॲपमध्ये लांबच्या माणसाशी सवडीने खेळता येतं: मी चाल केली, त्याच्या फोनवर सूचना गेली, त्याला वेळ मिळेल तेव्हा तो खेळेल. आयफोनवर अशा सूचना पाठवायची सोय २००९ च्या जूनमध्ये आली होती. तिच्याशिवाय हा प्रकार चाललाच नसता. आता हिशेब करा. ७१ टाइल्स, दोघे खेळणारे. एकाच्या वाट्याला ३६ चाली, दुसऱ्याच्या ३५. दिवसाला प्रत्येकी दोन चाली झाल्या तर एक डाव अठरा दिवस चालतो. असे चार डाव एकाच वेळी चालू असतात. नवव्या दिवशी सूचना येते, ‘तुमची पाळी’, आणि पट उघडल्यावर पहिला विचार येतो की यातला निळा मी की लाल? मागच्या आठवड्यात ते घर कशासाठी राखून ठेवलं होतं ते कोणाला आठवणार? अठरा दिवसांच्या डावात स्मरणशक्तीची परीक्षा घेण्यात काही अर्थ नाही. तिथे फुली आणि यादी ही चैन नसून गरज आहे. टेबलावर जी मदत खेळ पातळ करते, तीच सवडीच्या डावात खेळ शक्य करते. एकच ॲप दोन्ही प्रकारचे डाव चालवत होतं, घोळ इथे आहे.

माझ्या मते उपाय सोपा होता: फुली सवडीच्या डावात कायम चालू, आणि समोरासमोर एका टॅबवर खेळताना सगळ्यांच्या संमतीने चालू किंवा बंद. पण ‘सगळ्यांच्या संमतीने’ हे टेबलावर एका वाक्यात होतं, ॲपमध्ये त्याचा एक पडदा, दोन बटणं आणि बराच वाद होतो.

शेतांची गोष्ट थोडी वेगळी. शेतकरी डाव संपेपर्यंत निजून राहतो आणि शेवटी त्याचे गुण मोजतात. टेबलावर ही मोजणी म्हणजे कटकट. हे शेत त्या शेताला रस्त्याच्या पलीकडून जोडलंय का, हे बघायला पाच माणसं पटावर वाकतात. शिवाय नियमच छपाईगणिक बदललेला. जुन्या छपाईत प्रत्येक पूर्ण नगराला ४ गुण आणि ते त्या नगराभोवती ज्याचे शेतकरी जास्त त्याला. नंतरच्या छपाईत प्रत्येक शेत वेगळं धरून त्याला टेकलेल्या प्रत्येक पूर्ण नगरामागे ३ गुण. नगर पूर्ण केल्याबद्दल सरदाराला मिळणारे गुणही बदलले: दोन टाइल्सच्या चिमुकल्या नगराचे जुन्या नियमात २, नव्यात ४. टेबलावर जो तो आपल्या डब्यातलं पुस्तक प्रमाण मानतो. ॲपला हे चालत नाही. त्याला एक नियम धरून त्याचा कोड लिहावा लागतो, आणि मग तोच नियम खरा ठरतो. ॲपवर शिकलेली माणसं जुना डबा असलेल्यांना ‘तुम्ही चुकीचं खेळता’ म्हणतात ती त्यामुळे.

यंत्राने शेतं मोजली की भांडण मिटतं हे खरं. पण शेत कुठून कुठे पोचलं हे बोट ठेवून मोजताना नवा माणूस जेवढं शिकतो तेवढं अंतिम आकडा बघून शिकत नाही. ॲपवर वीस डाव खेळलेली आणि शेतांनी आपल्याला का हरवलं हे सांगता न येणारी माणसं मी पाहिली आहेत. मोजणी यंत्राने करावी, पण सावकाश, एकेक शेत रंगवून दाखवत. त्यासाठी डावाच्या शेवटी दोन मिनिटं घ्यावीत, कोणी तक्रार करणार नाही.

आता प्रकरणाचा शेवटचा भाग, ज्यात खेळाच्या रचनेचा संबंध नाही.

२०१९ च्या १ मार्चला हे ॲप विक्रीतून गेलं. परवान्याची मुदत संपली होती. ॲप बिघडलं नव्हतं किंवा लोकांना नकोसंही झालं नव्हतं. खेळाचं नाव आणि चित्रं ज्यांची, त्यांनी ठरावीक काळासाठी ती वापरू दिली होती. तो काळ सरला. कार्कासोनचं त्यानंतरचं ॲप अस्मोदे डिजिटलचं, त्रिमितीय देखावा असलेलं, जे अँड्रॉइडवर २०१७ च्या अखेरीसच आलेलं होतं. ज्यांच्या उपकरणावर जुनं ॲप होतं त्यांचं चालू राहिलं, नव्या माणसाला मात्र ते घेता येईना. जुन्या ॲपमध्ये विकत घेतलेले विस्तार (मूळ खेळाला जोडायच्या जादा टाइल्स आणि नियम) नव्यात येण्याचा प्रश्नच नव्हता. एका कंपनीच्या ॲपमधली खरेदी दुसऱ्या कंपनीच्या ॲपला दिसत नाही.

डबा आणि ॲप यांतला फरक इथे उघडा पडतो. ॲपच्या मागे निदान चार जण उभे असतात: खेळ रचणारा, प्रकाशक, ॲप लिहिणारा आणि दुकान चालवणारा. पाचवा म्हणजे उपकरणाची प्रणाली. २०१७ च्या सप्टेंबरात आयओएस ११ आली आणि ३२ बिटची सगळी जुनी ॲप्स तिच्यावर चालेनाशी झाली. ज्यांना कोणी वाली उरला नव्हता असे कितीतरी खेळ एका अपडेटमध्ये गेले. या पाचांपैकी एकानेही हात काढला की खेळ जातो. डब्याचं तसं नाही. प्रकाशन उद्या बंद पडलं तरी ७२ पुठ्ठ्यांना त्याची खबरही नसते.

नियमांवर सहसा कॉपीराइट नसतो; तो चित्रांवर असतो आणि नावाला व्यापारचिन्हाचं संरक्षण असतं. त्यामुळे या खेळाचा कारभार सांभाळणारं ‘जेक्लॉइस्टरझोन’ नावाचं मुक्त स्रोतातलं सॉफ्टवेअरही आहे. ते संगणकावर चालतं आणि हौशी लोकांनी जोपासलं आहे. पण ज्याला बसल्या जागी फोन काढून एक चाल करायची आहे त्याचं त्याने काही भागत नाही.

जुनं ॲप दुकानातून गेल्यावर आमच्या चौघांपैकी दोघांनी फोन बदलले आणि सवडीचे डाव हळूहळू थांबले. आम्ही परत डब्याकडे आलो. पहिल्याच डावात गंमत झाली. चार रस्त्यांचं एक घर तयार झालं, चौफुली तर आधीच लागली होती. आमच्यातल्या एकीने सवयीने टेबलावरचं एक बटण उचललं आणि त्या रिकाम्या घरात ठेवून दिलं. ‘फुली,’ ती म्हणाली.

मित्र उखडला. डाव थांबवून अर्धा तास वाद झाला, जो डावापेक्षा बरा रंगला. शेवटी ठरलं ते असं: नियमपुस्तिकेतला टाइल्सचा तक्ता कोणीही, कधीही उघडून बघू शकतो, पण आपल्या पाळीला आणि मुकाट्याने. घरात बटण ठेवायचं नाही. आणि कोणी ‘हे घर मेलं का?’ असं विचारलं तर खोटं बोलायचं नाही, पण उत्तर देणंही बंधनकारक नाही.

मित्र हल्ली या प्रश्नाला फक्त हसतो. पूर्वी त्या हसण्याचा अर्थ एकच असायचा. आता तो जिवंत घरांवरही हसतो.